रांगोळीचा स्टॅम्प आणि फुकटच्या पॉइंटांचा हिशेब

रिवॉर्ड पॉइंट म्हणजे कंपनीने ग्राहकाला दिलेले, पण कंपनीच्याच अटींवर वटणारे वचन. तो तिच्या दुकानात किंवा तिने ठरवून दिलेल्या दुकानांत चालतो. त्याचा दर तीच ठरवते, तीच बदलते, आणि मुदत उलटली की तीच तो पुसून टाकते. मोबाइलवर हे पॉइंट मिळवायचे मार्ग मोजकेच आहेत : नवे ॲप डाउनलोड करणे, कुठेतरी नवे खाते उघडणे, आपल्या लिंकवरून आणखी कुणाला तरी आणणे, किंवा प्रश्नावली भरण्यासारखे एखादे छोटे काम करणे. खिशातून काही न घालता यांतून महिन्याचा रिचार्ज, एखादे पुस्तक, सणाच्या किराण्यातली थोडी सूट निघू शकते. ती निघते, हे खरेच आहे. मात्र याच वाटेवर याच शब्दांत बोलणारे, याच रंगांची चित्रे दाखवणारे भामटेही उभे असतात. खरी ऑफर आणि सापळा यांतला फरक चित्रावरून कळत नाही. पैसा कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात आणि कशासाठी चालला आहे, हे पाहिले की तो कळतो.

स्टॅम्पपासून स्क्रॅच कार्डापर्यंत

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १८९६ साली स्थापन झालेली स्पेरी अँड हचिन्सन ही कंपनी दुकानदारांना हिरवे स्टॅम्प विकत असे. दुकानदार ते खरेदीबरोबर गिऱ्हाइकाला देई, गिऱ्हाईक ते वहीत चिकटवी आणि वही भरली की त्या बदल्यात वस्तू घेई. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने हाच हिशेब विमानप्रवासाच्या मैलांवर मांडला. आपल्याकडच्या घरांना त्याची ओळख झाली ती चहाच्या पुड्यातल्या कूपनाने आणि धुण्याच्या पावडरीबरोबर मिळणाऱ्या बादलीने. अनेक दुकानांचे पॉइंट एकाच कार्डावर साठवणारी आय-मिंट ही योजना भारतात २००६ साली आली. २०११ साली ती पेबॅक झाली, २०२१ साली भारतपेने ती विकत घेतली आणि २०२२ साली तिचे नाव झिलियन झाले. पंधरा-सोळा वर्षांत एकाच योजनेची तीन नावे झाली आणि मालकही बदलले. पॉइंट ही वर्षानुवर्षे साठवून ठेवायची वस्तू का नाही, हे सांगायला एवढे उदाहरण पुरेसे आहे.

मोबाइलवरच्या अध्यायात मुंबईचे नाव लवकर येते. २०१० साली इथे सुरू झालेल्या फ्रीचार्जने जितक्या रुपयांचा रिचार्ज, तितक्याच रकमेची कूपने अशी योजना आणली. कॉलेजातल्या मुलांनी ती डोक्यावर घेतली. २०१५ साली स्नॅपडीलने ही कंपनी सुमारे ४० कोटी डॉलरच्या व्यवहारात घेतल्याचे छापून आले, आणि दोनच वर्षांनी ॲक्सिस बँकेने ती ३८५ कोटी रुपयांना घेतली. त्या काळातली कूपने, कॅशबॅक आणि ‘पहिल्या व्यवहारावर सूट’ यांचा मोठा भाग धंद्याच्या नफ्यातून येत नव्हता, गुंतवणूकदारांच्या पैशातून येत होता. भांडवल आटले की ऑफरही आटतात, आणि हे चक्र आजही तसेच फिरते. त्याच सुमारास एमसेंटसारखी ॲप आली. त्यांनी सुचवलेले ॲप डाउनलोड करून उघडले की फोनमध्ये काही रुपयांचा रिचार्ज पडे.

सरकारही या वाटेने गेले. नोटाबंदीनंतर, ३० डिसेंबर २०१६ रोजी पैसे पाठवण्याचे भीम ॲप आले. १४ एप्रिल २०१७ रोजी, डॉ. आंबेडकर जयंतीच्या दिवशी, पंतप्रधानांनी नागपुरात भीमची रेफरल बोनस योजना जाहीर केली. नव्या माणसाला ॲपवर आणून त्याच्याकडून ठरलेले व्यवहार करून घेतले, की आणणाऱ्याला आणि येणाऱ्याला प्रत्येकी १० रुपये मिळत. त्याच दिवशी डिजिटल व्यवहार करणाऱ्यांसाठीच्या लकी ग्राहक योजनेचा समारोप झाला. तिचे एक कोटीचे पहिले बक्षीस लातूरला गेले, तेही जेमतेम दीड हजाराच्या व्यवहारावर. या दोन योजना एकाच दिवशी, एकाच व्यासपीठावर आल्या, पण त्यांतला भेद मोठा आहे. पहिलीत अट पूर्ण केली की पैसे ठरलेले होते. दुसरीत सगळे सोडतीवर होते. आजच्या ॲपवरच्या ऑफरांतही हेच दोन प्रकार असतात, आणि ‘पर्यंत’ या एका शब्दाने ते वेगळे होतात. ‘५० रुपये मिळवा’ हा मोबदला झाला, ‘१,००० रुपयांपर्यंत मिळवा’ ही सोडत.

गूगलचे तेझ ॲप सप्टेंबर २०१७ मध्ये आले आणि वर्षभरात त्याचे गूगल पे झाले. नवा माणूस आणला की ५१ रुपये. हा आकडा नीट विचार करून निवडलेला होता. आहेराच्या पाकिटावर जो एक रुपया चिकटवलेला असतो, तोच इथे पडद्यावर आला होता. मग २०१९ सालची दिवाळी आली आणि तिच्याबरोबर स्टॅम्प गोळा करण्याचा खेळ. दिवा, कंदील, फूल, झुमका आणि रांगोळी असे पाच स्टॅम्प जमवले की २५१ रुपये मिळणार होते. पैसे पाठवले की स्टॅम्प, मित्राला बोलावले की स्टॅम्प, फोनचा कॅमेरा चित्रावर धरला की स्टॅम्प. जास्तीचे स्टॅम्प दुसऱ्याला भेट देता येत. चार स्टॅम्प बहुतेकांकडे दोन-तीन दिवसांत जमले. रांगोळी मात्र येईना. दारात रोज ताजी रांगोळी घातलेली आणि फोनवर मात्र रांगोळीचा खण रिकामा, असे दृश्य घरोघरी होते. ‘रांगोळी असेल तर पाठव’ असे निरोप शाळेच्या, कचेरीच्या, सोसायटीच्या गटांत फिरू लागले. लोक ॲप पुन:पुन्हा उघडत राहिले, एकमेकांना दहा-वीस रुपये पाठवत राहिले.

या खेळात फसवणूक नव्हती. ज्यांना रांगोळी मिळाली त्यांना पैसेही मिळाले. मात्र कंपनीने काय विकत घेतले, हे या एका स्टॅम्पवरून स्वच्छ दिसते. चार सोपे आणि एक दुर्मीळ अशी रचना केली की माणूस पाचव्यासाठी परत परत येतो. यूपीआयच्या पिनला सरावलेला अंगठा ही कंपनीची खरी मिळकत होती, आणि तो सराव बक्षीस संपल्यावरही टिकला. ॲपवर खरवडून बक्षीस पाहायच्या स्क्रॅच कार्डांच्या अटींत तमिळनाडूच्या रहिवाशांना वगळलेले असे. तिथे १९७९ पासून बक्षीस योजनांवर बंदी घालणारा कायदा आहे. अटी कुणी वाचत नाही, पण कोणत्या राज्यात काय चालते याचे उत्तर तिथेच असते.

पैसा कुठून येतो

नवा ग्राहक मिळवायला कंपनीला खर्च येतोच. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवर, फलकावर किंवा क्रिकेटच्या सामन्यात जो पैसा जातो, त्यातलाच एक वाटा ती थेट ग्राहकाला देते. हा वाटा टप्प्याटप्प्याने वाढतो. नुसते ॲप डाउनलोड केले तर चिल्लर मिळते. मोबाइल क्रमांक नोंदवला की थोडी अधिक. पॅन-आधार देऊन केवायसी पूर्ण केले, पहिला व्यवहार झाला, खात्यात रक्कम भरली, की मोबदला एकदम चढतो. ज्या टप्प्यावर तो चढतो, तिथे ग्राहकाकडून काहीतरी मोलाचे मागितलेले असते. ते काय आहे, हे त्याच जागी थांबून पाहावे.

कॅशबॅक देणाऱ्या ॲपचे काम दलालीवर चालते, आणि ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, ३,००० रुपयांचा मिक्सर घ्यायचा आहे. ग्राहक कॅशबॅक ॲप उघडतो, त्यातल्या दुकानाच्या नावावर बोट ठेवतो आणि दुकानाच्या पानावर जातो. त्या उडीच्या क्षणी लिंकला एक क्रमांक चिकटतो. हा माणूस कुणाकडून आला, याची ती चिठ्ठीच. मिक्सरचे पैसे भरले की दुकान ती चिठ्ठी वाचते आणि कॅशबॅक ॲपच्या नावे दलाली लिहिते. समजा ती ५ टक्के, म्हणजे १५० रुपये असली, तर ॲप त्यातले १०० ग्राहकाला देते आणि ५० स्वतःकडे ठेवते. ग्राहकाच्या खात्यात हे १०० रुपये आधी ‘पेंडिंग’ दिसतात. मिक्सर परत करण्याची मुदत संपली, दुकानाने विक्री पक्की धरली, मग ते ‘कन्फर्म’ होतात. याला एक ते तीन महिने सहज लागतात.

चिठ्ठी वाटेत हरवली तर काहीच मिळत नाही, आणि ती हरवण्याची कारणे साधी असतात. वस्तू आधीच कार्टमध्ये घालून ठेवलेली असते, ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारी सोय चालू असते, मध्येच दुसऱ्या साइटचे कूपन लावलेले असते किंवा लिंकवरून गेल्यावर खरेदी उद्यावर टाकलेली असते. म्हणून सरावलेले ग्राहक रिकाम्या कार्टने सुरुवात करतात, एका बैठकीत खरेदी उरकतात आणि ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवतात. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा असतो.

प्रश्नावलीचे पैसे बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्यांकडून येतात. गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स हे त्यातले सरळ उदाहरण. दोन-चार प्रश्न, बहुधा नुकत्याच भेट दिलेल्या दुकानाबद्दल किंवा पाहिलेल्या व्हिडिओबद्दल, आणि अँड्रॉइड फोनवर मोबदला म्हणून प्ले स्टोअरमधली शिल्लक. ती बँकेत काढता येत नाही आणि वर्षभरात वापरली नाही तर जाते. ई-पुस्तक किंवा एखादे सशुल्क ॲप घेणाऱ्याला ती उपयोगाची, रोख हवी असणाऱ्याला नाही. मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्समध्ये बिंगवर शोध घेतला की पॉइंट साठतात आणि त्यांची गिफ्ट कार्डे घेता येतात. एका माणसाला एकच खाते, ही तिथली अट आहे. ती मोडून चार ईमेलची चार खाती चालवली तर साठलेले सगळे एका दिवसात गोठते. फोनची ओळख, वायफायचा पत्ता, बँक खाते यांवरून एकच माणूस चार नावांनी वावरतो आहे, हे कंपन्यांना ओळखता येते. घरातल्या आजी-आजोबांच्या नावाने आपणच खाती चालवणे हेही त्यातच आले.

पॉइंटाचा दर

पॉइंटांचे आकडे मुद्दाम मोठे ठेवलेले असतात. ५,००० पॉइंट म्हटले की छाती फुगते. ते रुपयांत मांडले की खरे वजन कळते. समजा, एखाद्या कार्डावर दर १५० रुपयांच्या खर्चाला २ पॉइंट मिळतात आणि एका पॉइंटाचे २५ पैसे होतात. म्हणजे १५० रुपयांवर ५० पैसे, टक्क्यांत ०.३३. महिन्याला १५,००० रुपये खर्च करणाऱ्या घराला ५० रुपये. कोपऱ्यावरचा किराणावाला महिन्याच्या यादीवर याहून जास्त सोडतो. त्याच पॉइंटांची गिफ्ट कार्डे घेतली तर एक दर, वस्तूंच्या यादीतला टोस्टर घेतला तर दुसरा, विमानाच्या मैलांत बदलले तर तिसरा, असेही असते, आणि बहुधा वस्तूंच्या यादीतला दर सर्वांत पडेल असतो.

वेळेचाही हिशेब मांडावा लागतो. २० मिनिटांच्या प्रश्नावलीचे १५ रुपये म्हणजे तासाचे ४५ रुपये, तेही प्रश्नावली मध्येच ‘तुम्ही या गटात बसत नाही’ म्हणून बंद पडली नाही तर. लोकलमध्ये उभ्या-उभ्या दोन मिनिटांची प्रश्नावली भरणे वेगळे, आणि रात्रीची झोप त्यावर घालवणे वेगळे. किमान रक्कम साठल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत, ही अट जवळपास सगळीकडे असते. २३० रुपये साठले आहेत आणि २५० शिवाय काढता येत नाहीत, या अवस्थेत लोक २० रुपयांसाठी नको ती खरेदी करतात. ती मर्यादा किती आणि आपल्या नेहमीच्या वापरात ती कधी गाठली जाईल, हे खाते उघडण्यापूर्वीच पाहायचे असते.

एक रुपयाची चाचणी

‘सात दिवस फुकट’ किंवा ‘फक्त १ रुपयात महिनाभर’ या ऑफरांत पैसे जाण्याची जागा दुसरीकडे असते. एक रुपया भरताना ग्राहक यूपीआय ऑटोपेची किंवा कार्डावरून ठरावीक काळाने पैसे कापण्याची परवानगी देतो. पिन टाकण्याच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत १ रुपया असतो आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘४९९ रुपयांपर्यंत, दर महिन्याला’ अशासारखी ओळ. मुदत संपली की ती ओळ लागू होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशी वजावट होण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, आणि सर्वसाधारण व्यवहारांत १५,००० रुपयांपर्यंतची वजावट दर वेळी पिन किंवा ओटीपी न मागता होऊ शकते. सूचना येते, पण ती दिवसभराच्या पन्नास जाहिरात-संदेशांत बुडते.

इथली सर्वांत महागडी चूक म्हणजे ॲप फोनवरून काढून टाकले की काम झाले असे समजणे. परवानगी बँकेकडे नोंदलेली असते आणि ॲप गेले तरी पैसे जातच राहतात. ती रद्द करण्याची जागा यूपीआय ॲपमधल्या ‘ऑटोपे’ या भागात असते. चालू असलेल्या सगळ्या परवानग्यांची यादी तिथे दिसते आणि ती एकेक करून थांबवता येते. चाचणी सुरू केल्याच्या दिवशीच परवानगी रद्द करून टाकणे सर्वांत बरे. बऱ्याच सेवा मुदतीपर्यंत तरीही चालू राहतात. एखादी लगेच बंद पडली, तर तेवढा तोटा सोसण्यासारखा असतो.

नाव नोंदवणे दोन बोटांचे आणि रद्द करणे दहा पायऱ्यांचे, हा प्रकार आता बेकायदा ठरवलेला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि असे १३ प्रकार नावानिशी सांगितले. वर्गणीचा सापळा, कार्टमध्ये गुपचूप वस्तू घालणे, ‘फक्त ५ मिनिटे उरली’ अशी खोटी घाई, नकार देणाऱ्याला लाजवणारी बटणे, हे सगळे त्यांत येते. त्याबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

बँक, कार्ड, डिमॅट

सर्वांत मोठे बोनस आर्थिक खात्यांवर असतात आणि सर्वांत मोठी जबाबदारीही तिथेच असते. डिमॅट खाते फुकट उघडून मिळते, पण दुसऱ्या वर्षापासून देखभालीचे शुल्क सुरू होऊ शकते. शून्य शिल्लक म्हणून उघडलेले बचत खाते काही महिन्यांनी किमान शिल्लक मागणाऱ्या प्रकारात बदलते का, हेही पाहावे. क्रेडिट कार्डाच्या प्रत्येक अर्जामागे बँक पतमापन संस्थेकडे चौकशी करते आणि ती चौकशी अहवालात नोंदली जाते. थोड्या दिवसांत चार-पाच अर्ज केले की ३०० ते ९०० या मापातला पतांक उतरतो, आणि पुढे घरकर्ज मागताना ते नडते. ५०० रुपयांच्या व्हाउचरसाठी एवढे पणाला लावणे परवडत नाही. सिबिलसह चारही पतमापन संस्थांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मागवता येतो. त्यात आपण न केलेला अर्ज किंवा न घेतलेले कर्ज दिसले, तर आपली कागदपत्रे कुठेतरी फिरत आहेत, असे समजावे.

‘आमच्यासाठी बँकेत खाते उघड, सिम आणि एटीएम कार्ड आमच्याकडे दे, दोन-तीन हजार घे’ असे सांगणारा माणूस कॉलेजच्या कट्ट्यावर किंवा टेलिग्रामवर भेटतो. त्याची भाषा अगदी साइनअप ऑफरची असते. अशा खात्यांतून फसवणुकीचे पैसे फिरवले जातात. त्याला भाड्याचे खाते म्हणतात, आणि पोलिस सर्वांत आधी ज्याच्या नावाचे खाते आहे त्याच्या दारात येतात. विशीतल्या मुलामुलींच्या आयुष्याचे या दोन हजारांपायी नुकसान होते. घरात याबद्दल उघडपणे बोलायला हवे.

माहितीची किंमत

मोबाइल क्रमांक, ईमेल, जन्मतारीख, पत्ता, फोनमधले संपर्क यांना बाजारात किंमत आहे. मोबदला देणारी कंपनी पैसे देते, त्यात या माहितीचा वाटा असतो. म्हणून अशा नोंदण्यांसाठी वेगळा ईमेल ठेवावा, त्याचा पासवर्ड बँकेच्या पासवर्डहून वेगळा असावा, आणि जमल्यास रोजच्या व्यवहाराच्या मोठ्या खात्याऐवजी थोडी शिल्लक असलेले दुसरे बचत खाते त्याला जोडावे. एवढ्या तीन गोष्टींनी बरेचसे नुकसान टळते.

ॲपने मागितलेल्या परवानग्या त्याच्या कामाशी ताडून पाहाव्यात. बिल स्कॅन करून पॉइंट देणाऱ्या ॲपला कॅमेरा लागतो, संपर्कांची यादी लागत नाही. एसएमएस वाचण्याची परवानगी म्हणजे ओटीपी वाचण्याची परवानगी. अँड्रॉइडमधली ‘ॲक्सेसिबिलिटी’ ही सोय अंध आणि अपंग वापरकर्त्यांसाठी आहे. ती मिळालेले ॲप पडदा वाचू शकते आणि माणसाऐवजी बटणेही दाबू शकते. बक्षीस देणाऱ्या ॲपने ती मागितली तर तिथेच थांबावे. झटपट कर्ज देणारी ॲपही बक्षिसांच्या वेषात येतात. कर्ज देणाऱ्या ॲपनी फोनमधले संपर्क, फोटो आणि कॉलची नोंद यांना हात लावू नये, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या सूचनांत सांगितले आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, हे तत्त्व त्याने कायद्यात आणले. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

सापळे

मोबदला मिळवण्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत. या एका वाक्यावर घासून पाहिले की बहुतेक सापळे उघडे पडतात. टेलिग्रामवरचे ‘टास्क’ हे आजचे सर्वांत घातक रूप. सुरुवातीला व्हिडिओला लाइक करायचे, हॉटेलला पाच तारे द्यायचे आणि खरोखरच दीडशे-दोनशे रुपये खात्यात येतात. त्या दोनशे रुपयांनी विश्वास विकत घेतला जातो. मग ‘प्रीपेड टास्क’ येतो : १,००० भरा, १,३०० परत घ्या. तेही परत येतात. पुढे १०,०००, मग ५०,०००. पडद्यावर नफा वाढताना दिसतो, गटातली इतर माणसे आपापल्या कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतात, आणि ती सगळी माणसे त्याच टोळीची असतात. पैसे काढायला गेले की ‘कर भरा’, ‘खाते गोठले आहे, सोडवण्यासाठी भरा’. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या शिफारशीवरून अशा टास्क आणि गुंतवणूक फसवणुकीच्या शंभराहून अधिक वेबसाइट बंद करण्यात आल्या. तरी नव्या नावांनी त्या येतच आहेत.

कराच्या नावाने होणारी मागणी पुष्कळांना खरी वाटते, कारण तिच्यात थोडे तथ्य असते. सोडतीच्या १०,००० रुपयांवरच्या बक्षिसावर ३० टक्के कर कापला जातो. पण रोख बक्षिसात तो देणाराच कापतो आणि उरलेले देतो. बक्षीस गाडीसारखे वस्तुरूप असेल तर कर आधी भरावा लागतो, मात्र तो सरकारजमा होतो आणि प्राप्तिकराच्या नोंदीत विजेत्याच्या पॅनवर दिसतो. कुणाच्या खासगी यूपीआय क्रमांकावर भरलेला कर हा कर नसतोच.

दुसरा सापळा बँकेच्या नावाने येतो. ‘तुमचे हजारो रुपयांचे रिवॉर्ड पॉइंट आज रात्री संपत आहेत, ॲप डाउनलोड करून ते वळते करा’ असा संदेश आणि त्याखाली शेवटी ‘.एपीके’ असलेली फाइल. स्टेट बँकेच्या नावाने असे संदेश मोठ्या प्रमाणावर फिरले तेव्हा, आपण अशा लिंक किंवा फाइल एसएमएस अथवा व्हॉट्सॲपवर पाठवत नाही, असे बँकेने जाहीर केले होते. ही फाइल बसवली की ती एसएमएस वाचू लागते आणि ओटीपी भामट्याच्या फोनवर जातात. ॲप प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधूनच घ्यायचे, आणि तिथेही बनवणाऱ्याचे नाव वाचायचे.

फेसबुकवरच्या जाहिरातीतले स्क्रॅच कार्ड हा तिसरा. ते खरवडले की ‘१,९९९ जिंकलात’ असे दिसते, बटण दाबले की खरेच यूपीआय ॲप उघडते, आणि पिनचा पडदा येतो. पिन टाकला की तेवढे पैसे खात्यातून जातात. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. तो देण्यासाठी लागतो. यूपीआयवर एका माणसाने दुसऱ्याकडे पैशांची मागणी पाठवण्याची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, पण पिनच्या पडद्यापर्यंत माणसाला नेण्याचे दुसरे मार्ग उरलेच आहेत.

साइनअप बोनस देऊन पैशांच्या खेळाकडे ओढणाऱ्या ॲपचा काळ मात्र बदलला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला आणि मुंबईच्या ड्रीम ११ सह मोठ्या कंपन्यांनी असे खेळ थांबवले. त्यानंतरही ‘१०० रुपये बोनस, खेळा आणि काढा’ म्हणणारे ॲप समोर आले तर ते कायद्याच्या बाहेरचे आहे.

पैसे गेलेच तर पहिला तास मोलाचा असतो. १९३० वर फोन करून किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली की रक्कम ज्या खात्यांतून पुढे चालली आहे ती गोठवण्याचा प्रयत्न सुरू होतो. बँकेलाही त्याच वेळी कळवून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची आणि बँकेची चूक नसताना तिसऱ्याच ठिकाणच्या त्रुटीमुळे पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार येत नाही. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. लाजेपायी दोन दिवस गप्प बसणाऱ्याला हा नियमच महागात पडतो. फसवणुकीचा नुसता प्रयत्न झाला असेल, पैसे गेले नसतील, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथीवरील ‘चक्षू’ या सोयीत तो फोन किंवा संदेश कळवता येतो. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही तिथेच दिसते.

खाते बंद करताना

ऑफर संपली, पॉइंट वापरून झाले, की खाते बंद करणे हा या कामाचाच भाग आहे. ॲप काढून टाकल्याने खाते जात नाही. क्रमांक, पत्ता, जन्मतारीख कंपनीकडे तशीच राहते. खाते उघडू देणाऱ्या ॲपने ते ॲपमधून आणि वेबवरूनही पूर्ण काढून टाकण्याची सोय द्यावी, अशी अट आता प्ले स्टोअरने घातली आहे. बहुधा ‘सेटिंग्ज’मधल्या ‘अकाउंट’ किंवा ‘प्रायव्हसी’ या भागात ती सापडते. खाते बंद केले की उरलेले पॉइंट जातात, म्हणून आधी ते वापरावेत, पाकिटातली शिल्लक बँकेत घ्यावी, ऑटोपेची यादी तपासावी आणि मग खाते काढावे.

मोबाइल क्रमांक बदलताना हे सगळे अधिक काळजीने करावे लागते. बंद पडलेला क्रमांक ९० दिवसांनंतर दूरसंचार कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. त्या क्रमांकावर जुन्या मालकाची पॉइंटांची, खरेदीची, पाकिटाची खाती जिवंत असतील, तर नव्या मालकाच्या फोनवर आलेल्या पहिल्याच ओटीपीने ती उघडतात. सिम परत देण्याआधी त्या क्रमांकावरची सगळी खाती एकेक करून नव्या क्रमांकावर हलवावीत किंवा बंद करावीत.